पांढऱ्या हत्तीवरची बाई

इथल्या मराठी मंडळातले लोक त्यांना जपानी काका म्हणत. ते जपानी नव्हते, साताऱ्याकडचे होते. तरुणपणी चित्रकला शिकायला म्हणून जपानला गेले आणि चित्रं काढायला शिकण्याऐवजी चित्रं चिकटवायला शिकले, असं ते स्वतःच सांगत. तिकडून पुढे अमेरिकेत आले आणि एका म्युझियमच्या मागच्या खोलीत तीस वर्षं जुन्या जपानी चित्रांची डागडुजी करत राहिले. मी त्यांना पाहिलं तेव्हा ते सत्तरीच्या पुढे गेले होते. वेस्ट विंडसरला एकटेच राहत. म्युझियमवाले अजूनही एखादं अवघड चित्र त्यांच्या घरी आणून देत.

आता ते नाहीत. त्यांचा विषय निघाला की लोक एकच गोष्ट सांगतात. म्हातारपणी डोकं फिरून त्यांनी एका मौल्यवान चित्राला हळदकुंकू लावलं, ती. ऐकणारे हसतात. ती गोष्ट खरी नाही. हळदकुंकू मी लावलं होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

पण नुसतं एवढंच लिहिलं तर ते माणूस म्हणून कसे होते ते राहून जाईल.

ते जेवायचे मऊ भात आणि मेतकूट, दोन्ही वेळा, आणि तेही दोन काड्यांनी. मंडळाच्या जेवणाला आले की मुलं त्यांच्याभोवती गोळा व्हायची. पातळ भात काड्यांनी उचलताना एक शीत खाली पडत नसे. मुलं म्हणायची, "डू इट अगेन, काका." ते पुन्हा करून दाखवायचे. डॉक्टर-इंजिनिअर मंडळींना ते सरसकट अरे-तुरे करत. लहान मुलांना मात्र अहो-जाहो. "अहो, तुमच्या नाकाला शेंबूड आलाय, पुसून घ्या," असं चार वर्षांच्या मुलीला अगदी गंभीरपणे सांगत. चित्रातल्या माणसांनाही ते अहो म्हणत. एखादं चित्र उलगडताना आधी "येतो हं जरा" म्हणायचे, मग तोंडात रुमाल धरून खाली वाकायचे. श्वासाची वाफ चित्रावर जाऊ नये म्हणून रुमाल. पण परवानगी कशासाठी मागायचे ते मी कधी विचारलं नाही.

त्यांच्या घरात देव नव्हते. एकदा कोणी तरी बाई घर बघायला म्हणून आल्या आणि इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "काका, देव कुठे ठेवलेत?"

"सध्या नाहीत," काका म्हणाले. "रिपेअरला आले तर असतात."

मी त्यांच्याकडे गेले ती कुरडयांमुळे. माझे मिस्टर फिटर. धाकट्या दिरांनी आम्हाला इकडे बोलावून घेतलं आणि पहिली तीन वर्षं आम्ही त्यांच्याच घरी राहिलो. दीर इंजिनिअर, जाऊ ऑफिसात जाणारी. मी चौथी शिकलेली. गाडी येत नाही, इंग्लिश येत नाही. चार माणसांत बोलायचं म्हटलं की मला गावाकडेसुद्धा घाम फुटायचा, इथे तर विचारायलाच नको. मंडळाच्या गणपतीला शाळेच्या हॉलमध्ये सगळे ताटं घेऊन रांगेत उभे होते. काका रांग सोडून मध्ये जाऊन उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "एक विचारायचंय. इथे कुरडया कोणाला येतात?"

"न्यूयॉर्कला मिळतात की, काका," कोणी तरी म्हणालं.

"मला खायच्या नाहीत. मला गव्हाचा चीक हवाय."

सगळे हसले. माझ्या जावेने मला मागून पुढे ढकललं. "आमच्या ताईंना येतं सगळं. घेऊन जा, काका. घरी बसून बोअरच होतात त्या."

ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "गहू तीन दिवस भिजवता की चार?"

मी त्यांच्या बुटांकडे बघत म्हटलं, "थंडी असली तर चार."

"सोमवारी या," ते म्हणाले आणि पुन्हा रांगेत जाऊन सगळ्यात मागे उभे राहिले.

त्यांना चीक लागायचा तो खळीसाठी. जपानी चित्र रेशमावर काढलेलं असतं. रेशमाच्या पाठीला कागद, त्याच्या पाठीला आणखी कागद, असं करत करत ते गुंडाळता येईल असं करतात. हे सगळं चिकटवायला गव्हाची खळ. शंभर वर्षांनी कागद जुना झाला की पाण्याने सोडवायचा आणि नवा लावायचा. म्हणून खळ अशी हवी, की धरून ठेवेल आणि सोडायला सांगितलं की सोडेल. पूर्वी त्यांच्या गुरूंच्या दुकानातून चिकाची पावडर पोस्टाने यायची. ते दुकान बंद झालं. इथल्या पावडरीवर त्यांचा विश्वास नव्हता.

गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, फडक्यातून पिळायचे, निवळ ओतून टाकायची. पांढरा शुभ्र चीक तळाशी बसतो. माझ्या आईने शिकवलं होतं अगदी तसंच. पहिल्या दिवशी मी तो शिजवायला ठेवला आणि हाताच्या सवयीने मीठ टाकलं. काकांनी बोटावर घेऊन चाखलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा चाखलं.

"चव छान आहे," ते म्हणाले. "पण मीठ पाणी ओढतं. पाणी आलं की बुरशी. हे आपण खाऊ. दुसरं करा."

त्या चिकाच्या मी कुरडया घातल्या आणि मागच्या अंगणात चादरीवर वाळवल्या. शेजारच्या गोऱ्या बाईने कुंपणावरून विचारलं, हे काय आहे. काकांनी तिला काय सांगितलं कोण जाणे, ती नंतर आठवडाभर माझ्याकडे फार आदराने बघायची.

हळूहळू माझं सोमवार, बुधवार, शुक्रवार तिकडे जाणं ठरून गेलं. वीस मिनिटं चालत. रस्त्याला फुटपाथ नव्हते, मी गवतातून जायचे. काकांचं काम चालू असलं की मी खळ घोटायचे, चाळणीतून गाळायचे, आणि मधल्या वेळात त्यांच्या खोलीत भिंतीला टेकून ठेवलेल्या फळ्यावरचं चित्र बघायचे. नवा कागद लावलेलं ओलं चित्र कडांनी त्या फळ्यावर चिकटवून ताणून ठेवायचे. तीन-तीन आठवडे ते तिथेच वाळायचं. एरवी ती चित्रं गुंडाळून पेटीत असतात. फळ्यावर असतानाच काय ती उघडी.

मी बघते आहे हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनी मला बघायचं कसं ते शिकवलं. शिकवलं म्हणजे एकच वाक्य. "आधी हात बघा, मग तोंड." तोंडं सगळी सारखीच काढलेली असतात, ते म्हणायचे. हातात काय आहे, पायाशी काय आहे, कशावर बसलाय, यावरून माणूस कोण ते कळतं. आणि चित्रातलं माणूस कोण ते ते कधी आधी सांगायचे नाहीत. "आठ दिवस बघा आणि तुम्ही सांगा. मग मी सांगतो."

पहिलं चित्र एका ढेरपोट्या माणसाचं होतं. पाठीला मोठं पोतं, तोंडभर हसू. आठ दिवसांनी मी म्हटलं, "वाणी आहे."

"वाणी का?"

"पोट आणि पोतं."

काका इतके हसले, की त्यांनी तोंडातला रुमाल काढून डोळे पुसले. मग सांगितलं, तो संन्यासी आहे. पोत्यात त्याचा सगळा संसार आहे, आणि संसार एवढाच म्हणून तो हसतो. "पण तुमचं चूक नाही," ते म्हणाले. "लोकांनी त्याला पुढे भरभराटीचा देव केलाच. वाण्यांच्या दुकानात बसवला."

दुसऱ्या चित्रात दोन फाटकी माणसं होती, एकाच्या हातात झाडू. मी म्हटलं, झाडूवाले. ते निघाले देवळातले मोठे ज्ञानी. तिसऱ्यात पांढरं वस्त्र घेतलेली एक बाई, एका हातात झाडाची बारीक फांदी, जवळ पाण्याचं भांडं. मी आठ दिवस बघितलं आणि म्हटलं, "ही कोणाच्या तरी आजारपणाला आली आहे. फांदीने पाणी शिंपडणार."

काकांनी हातातला ब्रश खाली ठेवला. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"आमच्याकडे लिंबाच्या डहाळीने शिंपडतात."

ती करुणेची देवता होती, आजार निवारणारी. त्या दिवसापासून ते ज्याला त्याला सांगत सुटले, की कॉलेजातल्या प्रोफेसरांना पुस्तक उघडावं लागतं आणि ह्या बाई नुसत्या बघून सांगतात. मंडळात सगळ्यांसमोर सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण घरी येऊन आरशासमोर उभी राहिले तेव्हा मला बरंही वाटत होतं, हे कबूल केलं पाहिजे. ह्या देशात मी येऊन दोन वर्षं झाली होती आणि मला काही येतं असं पहिल्यांदाच कोणी म्हटलं होतं.

पुढचं चित्र तर मी एका दिवसात ओळखलं. बाई, हातात वीणेसारखं वाद्य, जवळ पाणी. "सरस्वती," मी म्हटलं.

"तीच," काका म्हणाले. "इकडून गेली. तिकडे नांदली, माहेरचं नाव विसरली, सासरच्यांनी तिला पांढरा साप दिला आणि तिच्याकडे पैसे मागायला लागले. पण वाद्य सोडलं नाही तिने."

मंडळात कोणी म्हणालं, की जपानचं सगळं आपल्याकडूनच गेलंय, तर काका ताट तिथेच ठेवून उठून जायचे. एकदा दिरांनी त्यांना अडवलं, "काका, खरंच तर आहे ना यार, सगळं इंडियातूनच गेलं."

"अरे, तुझी बहीण दिल्लीला दिली," काका म्हणाले. "तिच्या मुलांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं तर ते श्रेय तुझं का?"

सरस्वती ओळखल्यावर मला वाटायला लागलं, की देवी तेवढ्या आपल्याच असणार, नाव फक्त वेगळं. ही माझी चूक. पुढचं सगळं तिथून झालं.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी म्युझियमच्या बाई एक लांब पेटी घेऊन आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या बाई. दारात बूट काढून मोज्यांवर आत यायच्या, कारण काकांचा तसा नियम होता. ते चित्र उघडलं तेव्हा दोघंही वाकून बघत राहिले. पांढरा हत्ती, सहा सुळ्यांचा. त्यावर एक बाई बसलेली. अंगावर भरजरी वस्त्रं, पाय अनवाणी, केस मोकळे सोडलेले. हातात उलगडलेला कागद, ती तो वाचते आहे. रेशीम जागोजागी तडकलेलं होतं. काकांनी तीन आठवडे काम केलं आणि नवा कागद लावून ते फळ्यावर ताणलं. "हे झालं की माझं शेवटचं मोठं काम झालं," असं ते मला म्हणाले. "झाल्यावर ते हे मोठ्या हॉलमध्ये लावणार आहेत. खाली माझं नाव लिहिणार आहेत. बारीक अक्षरात. पण लिहिणार आहेत." इतक्या वर्षांत कोणत्याही चित्राखाली त्यांचं नाव आलेलं नव्हतं. चिकटवणाऱ्याचं नाव कोण लिहितं.

"आठ दिवस बघा," नेहमीसारखं म्हणाले.

चौथ्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. दिवस कामाचा. जाऊ म्हणाली, "ताई, आपण सॅटर्डेला करू ना सगळं, लोकांनाही बोलावता येईल." मी बरं म्हटलं. तिचंही चूक नव्हतं, ती सहाला घरी यायची. पण तिथी ती तिथी. अमावास्या शनिवारपर्यंत थांबत नाही. लग्न झाल्यापासून एकही लक्ष्मीपूजन माझ्या हातून चुकलं नव्हतं. मी पर्समध्ये हळदीकुंकवाची डबी टाकली आणि काकांकडे खळ करायला गेले. काय करायचं ते ठरवून गेले नव्हते.

काका दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. किल्ली पायपुसण्याखाली असायची. नोव्हेंबरात इथे साडेचारलाच दिवे लावायची वेळ होते. मी चीक गॅसवर ठेवण्याआधी खोलीत डोकावले. संधिप्रकाशात तो हत्ती फळ्यावरून पुढे आल्यासारखा दिसत होता. हत्तीवरची बाई, भरजरी वस्त्रं, हातात पोथी, आणि आज अमावास्या. गजलक्ष्मी सोडून दुसरं कोण असणार?

मी हात धुतले. डोक्यावरून पदर घेतला. अंगणातल्या शेवंतीचं एक फूल आणून फळ्याखाली ठेवलं. तिच्या कपाळाला हात लावायचा धीर झाला नाही, तेवढं कळत होतं. पायांना लावलं. ओल्या करंगळीजवळच्या बोटाने आधी हळद, मग कुंकू. अगदी थोडं. हात जोडले. काय मागितलं तेही आठवतंय. आम्हाला स्वतःचं घर मिळू दे, असं मागितलं.

काका आले ते गालाला हात लावून. त्यांना आधी फूल दिसलं. फूल बघून ते हसले. मग वाकले.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते जमिनीवर बसले. रेशीम पाठीमागून अजून ओलसर होतं, कुंकू पसरलं होतं. तिच्या दोन्ही पायांभोवती गुलाबी डाग, त्याला पिवळी कड.

"कुंकू हळदीचं की रंगाचं?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही. कोल्हापूरहून आणलेलं."

ते टिपकागद घेऊन बसले. तासभर टिपत राहिले. कुंकू थोडं फिकं झालं. हळद तशीच राहिली. मी म्हटलं, "उन्हात ठेवलं की हळद उडते. पातळांची उडते."

"उडेल," ते म्हणाले. "बाईंच्या वस्त्रांचा रंगही उडेल. मग दोघी जातील."

माझ्या तोंडून एवढंच आलं, "मला लक्ष्मी वाटली."

त्यांनी रुमाल तोंडातून काढला. "हातात काय आहे ते बघितलंत?"

"पोथी."

"पत्र आहे. गिऱ्हाइकाचं." मग जरा थांबून म्हणाले, "बाई, ही वेश्या आहे."

मला वाटलं जमीन दुभंगावी. काका मात्र नेहमीच्या आवाजात सांगू लागले. आठव्या दिवशी सांगायचं ते चौथ्या दिवशी. एका नदीकाठच्या गावात एक प्रसिद्ध नायकीण होती. एक साधू तिला बघायला आला. डोळे उघडे ठेवले, की ती दारूच्या बैठकीत गाणं म्हणताना दिसे. डोळे मिटले, की पांढऱ्या हत्तीवरचा बोधिसत्त्व दिसे, आणि तेच गाणं त्याला मंत्रासारखं ऐकू येई. चित्रकाराने दोन्ही एकाच वेळी काढलंय. हत्ती देवाचा, बाई बाजारातली. पोथीच्या जागी पत्र. बघणाऱ्याने फसावं म्हणूनच काढलंय.

"दोनशे वर्षांत किती शहाण्यांनी हे चित्र बघितलं असेल," ते म्हणाले. "असे हात जोडले असतील ते तुम्हीच. काढणाऱ्याला बरं वाटलं असतं." मग त्यांनी डागाकडे बघितलं. "पण म्युझियमला हे सांगता येत नाही."

मी म्हटलं, "मी सांगते त्या बाईंना. तुम्ही इंग्लिशमध्ये बोला, मी बाजूला उभी राहते."

"मी त्यांना लिहून दिलंय, की चित्र उघडं असताना खोलीत दुसरं कोणी येत नाही. तुमचं नाव काढलं तर एकाच्या दोन चुका होतील. एकच राहू द्या. विचारलंच तर तुम्हाला इंग्लिश येत नाही."

म्युझियमच्या बाई पुढच्या सोमवारी आल्या. मी स्वयंपाकघरात होते, हात चिकात. दार उघडं होतं. त्यांनी चित्र पाहिलं आणि "ओ नो" म्हणाल्या, अगदी हळू. मग बरंच बोलल्या. काकांचं एकच वाक्य मला कळलं. "आय डिड इट." बाईंनी विचारलं, व्हाय. त्या थांबून राहिल्या. शेवटी काका म्हणाले, "इट वॉज अवर हॉलिडे."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. तीस वर्षं ओळखीचं माणूस एकदम अनोळखी झाल्यावर बघावं तसं. मग त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि काही विचारलं. "शी मेक्स द पेस्ट," काका म्हणाले. "नो इंग्लिश."

"आय डिड इट" हे शब्द मला येत होते. आत्ताच ऐकले होते. दाराशी जाऊन छातीवर हात ठेवला असता तरी पुरलं असतं. त्या बाई भल्या होत्या. त्या माझ्याकडे बघून हसल्या, काळजीचं हसू, म्हाताऱ्याकडे लक्ष ठेवा असं सांगणारं. मीही हसले. मान हलवली. ते माझं उत्तर झालं.

पेटी गेली. पंधरा दिवसांनी पत्र आलं. काकांनी ते वाचून घडी केली, पाकिटात घातलं, आणि ब्रश धुवायला घेतले. एकेक करून सगळे धुतले, वाळवले, कागदात बांधले. चित्र दुसऱ्या कोणाकडे गेलं. काकांकडे नंतर एकही आलं नाही. तो फळा भिंतीला रिकामा उभा असायचा आणि मी तरीही आठवड्यातून तीनदा जायचे, कारण त्यांनी येऊ नका म्हटलं नाही. मी गहू भिजवायचे. ते चाखून बघायचे. "छान झालाय," म्हणायचे. पुढे त्याचं काही करायचं नसे.

गोष्ट मंडळात कशी पोचली ते माहीत नाही. संक्रांतीपर्यंत ती सगळ्यांना ठाऊक होती. आमच्याच घरी बायका जमल्या होत्या. जाऊ सांगत होती, "इमॅजिन करा, आयुष्यभर देव नाही म्हणणारा माणूस, आणि जपानी पेंटिंगला हळदकुंकू." कोणी म्हणाल्या, "तीही कोण, तर म्हणे बाजारबसवी." सगळ्या हसल्या. कोणी तरी म्हणालं, डोक्यावर परिणाम झाला असेल, एकटं राहून होतं असं. एकीने मला विचारलं, "तुम्ही जाता ना तिकडे? तुम्हाला नाही का काही जाणवलं?" मी तिळगुळाचं ताट पुढे केलं.

घरी मिस्टरांना सांगायचं ठरवलं होतं. तेही जमलं नाही. त्यांना नुकतीच पक्की नोकरी लागली होती. आम्ही जागा बघत होतो. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, झालं ते झालं. मला ते ऐकायचं नव्हतं, आणि दुसरं काही त्यांना म्हणता आलं नसतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला काकांचा भाचा क्युपर्टिनोहून आला. सॉफ्टवेअरमध्ये होता, चांगला मुलगा. लोकांनी त्याला फोन करून कळवलं होतं, की मामांना एकटं ठेवू नका. त्याने गाडीची किल्ली काढून घेतली. घर विकायला काढलं, मामांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं. काका मला एकदाच म्हणाले, "बाई, वेडा ठरलेल्या माणसाला एक सोय असते. कोणी काही विचारत नाही."

तेव्हा तरी मी त्या भाच्याला सांगायचं होतं. तो स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभा होता, मराठी बोलत होता, मला मावशी म्हणत होता. म्युझियमचं काम तर आधीच गेलं होतं, आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मी त्याला चहा दिला. निघण्याच्या दिवशी काका गाडीत बसले, भाचा म्हणाला, "मामा, बेल्ट लावा." त्यांनी लावला आणि काच खाली करून मला म्हणाले, "येतो हं." आणि गेले.

त्यानंतर दोन वर्षांनी भाच्याचा फोन आला. आम्ही आमच्या घरात राहायला आलो होतो तेव्हा. काका गेल्या महिन्यात गेले, असं त्याने सांगितलं. झोपेतच गेले. मंडळाच्या अंकात त्यांच्यावर एक पान द्यायचं होतं. त्याला त्यांच्या इथल्या शेवटच्या वर्षांबद्दल विचारायचं होतं.

"डॉक्टरांनी विचारलं, कन्फ्यूजन कधीपासून सुरू झालं," तो म्हणाला. "आम्ही ते कुंकवाचं सांगितलं. मग त्यांनी गोळ्या सुरू केल्या. मामा गोळी घ्यायचे आणि प्रत्येक वेळी म्हणायचे, 'ते पूर्ण शुद्धीत केलेलं आहे.' आम्ही हसायचो, मावशी. आता वाईट वाटतं. तुम्ही होतात ना तिथे? खरंच तेव्हापासून त्यांना काही कळत नव्हतं का?"

"कळत होतं," मी म्हटलं. "सगळं कळत होतं."

"मग कुंकू का लावलं असेल?"

तो थांबला होता. लांबचा फोन, मिनिटं जात होती.

"मला काय माहीत," मी म्हटलं. "मी खळ करायला जायचे."

"मला वाटतं, शेवटी त्यांना देव आठवला असेल," तो म्हणाला. "आयुष्यभर देवांची सेवा केली, रिपेअर करून का होईना. मग एका दिवाळीला हात जोडावेसे वाटले. असं लिहिलं तर? लोक हसायचे थांबतील. तुम्हाला कसं वाटतं, मावशी?"

"चांगलं वाटतं," मी म्हटलं.

त्याने तसंच लिहिलं. अंक माझ्याकडे आहे. वर काकांचा फोटो, खाली एक पान मजकूर. भाचा इथे वाढलेला, त्यामुळे वाक्यं लहान आहेत, शब्द साधे. चौथी शिकलेल्या बाईला कुठेही न अडखळता वाचता येतं.